दुपारी परत कसे यायचे, ते पाहून हॉटेल ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत मुलामुलींकडे राहायला गेलेल्या आईवडिलांच्या मुक्कामात ऑर्लँडोजवळचे डिस्ने वर्ल्ड हे अनेक पार्कांचे करमणूक संकुल बहुतेकदा असतेच. नातवंडांची हौस असते आणि आईबाबांनाही ते दाखवायचे असते. तिकिटे आणि पार्कांचा क्रम यावर घरात महिनाभर खल चालतो. हॉटेल मात्र भाडे आणि मुलांना आवडणारी सजावट पाहून ठरते. गुडघे झिजलेले, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले पंचाहत्तरीचे माणूस बरोबर असेल, तर हा क्रम उलटा करायला हवा. आधी विचारावे ते एवढेच: दुपारी दीड वाजता पार्कातल्या बाकावरून उठलेले थकलेले माणूस खोलीतल्या पलंगावर किती वेळात आणि किती चालून पोहोचेल?

जून ते सप्टेंबर तिथे पारा 32-33 अंशांवर असतो, हवा दमट, आणि दुपारनंतर विजांसह पाऊस. सकाळी लवकर जाऊन जेवणाच्या सुमारास परतणे, झोप काढणे आणि उन्हे कलल्यावर पुन्हा जाणे, हाच दिनक्रम वयस्कांना झेपतो. हॉटेल लांब असले की कोणी परतत नाही. आजी सावलीतल्या बाकावर दिवस काढतात, स्वच्छतागृह लांब म्हणून पाणी कमी पितात, जेवणाची वेळ टळते, आणि चक्कर येणे, साखर उतरणे सुरू होते ते तिथूनच.

नकाशा पाहून अंतराचा अंदाज हमखास चुकतो. सगळा परिसर सुमारे 25 हजार एकरांचा आहे. 1971 साली उघडलेल्या मॅजिक किंगडम या पार्काचा वाहनतळ तर प्रवेशद्वारापाशी नाहीच, तो तळ्याच्या पलीकडे आहे. बाहेरच्या हॉटेलातून स्वतःच्या गाडीने गेलात, तर आधी त्या वाहनतळावर उतरायचे, मग मोनोरेलने (एका रुळावरची गाडी) किंवा फेरीबोटीने पार्काच्या बाजूला जायचे. परतताना तेच उलट. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांच्या बसगाड्या मात्र थेट दारापाशी सोडतात.

मॅजिक किंगडमसाठी सर्वांत सोयीचे हॉटेल म्हणजे कंटेम्पररी. तिथून दारापर्यंत सपाट पायवाट आहे, दहाएक मिनिटांची; व्हीलचेअर ढकलत सहज जाता येते. मोनोरेल इमारतीच्या आतूनच जाते. पण खोली उंच इमारतीतलीच मागावी. त्याच हॉटेलची स्वस्त ‘गार्डन विंग’ वेगळी इमारत आहे आणि तिथून चालणे बरेच वाढते. ग्रँड फ्लोरिडियन आणि पॉलिनेशियन हीसुद्धा मोनोरेलवरच आहेत. एपकॉट या दुसऱ्या पार्कासाठी बीच क्लब, यॉट क्लब, बोर्डवॉक ही हॉटेले त्याच्या मागच्या दाराजवळ आहेत. या सगळ्यांचे भाडे साध्या हॉटेलांच्या कितीतरी पट असते, हे खरे. आमचे स्पष्ट मत असे की लांबच्या हॉटेलात पाच रात्री काढण्यापेक्षा जवळच्यात दोन रात्री राहावे.

पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, कॅरिबियन बीच या हॉटेलांतून 2019 पासून ‘स्कायलायनर’ हा दोरमार्ग (रोपवे) एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना जातो. हलत्या डब्यात पटकन चढणे जमत नसेल, तर कर्मचाऱ्यांना आधी सांगावे. व्हीलचेअरसाठी डबा थांबवून घेण्याची वेगळी सोय असते. पण डब्यांत एसी नाही आणि विजा चमकू लागल्या की सेवा बंद होते. नेमकी दुपारी, माणसाला परतायचे असते तेव्हाच. त्या वेळी बस हाच पर्याय उरतो. कॅरिबियन बीच तर तळ्याभोवती पसरलेले आहे. खोली कोणत्या इमारतीत मिळते त्यावर सगळे अवलंबून.

पार्कात भाड्याने मिळणारी व्हीलचेअर दाराबाहेर नेता येत नाही. म्हणजे दमलेल्या माणसाला दारापासून बसपर्यंत चालावेच लागते. म्हणून व्हीलचेअर गावातून भाड्याने घेऊन हॉटेलवर मागवावी. आयुष्यात वाहन न चालवलेल्या आजोबांच्या हाती, चालणे जमत नसलेल्यांसाठी मिळणारी विजेची स्कूटर देऊ नये. गर्दीत आणि बसमध्ये चढवताना ती वळवणे सोपे नसते.

आता खोली. ‘अपंगांसाठीची खोली’ एवढे म्हणून भागत नाही, कारण ती दोन प्रकारची असते. एकीत उंबरा नसलेला, बसायची सोय असलेला शॉवर. दुसरीत आधाराच्या दांड्या लावलेला टब. गुडघे वाकत नसतील, तर टबाची कड ओलांडणे हाच दिवसातला सर्वांत धोक्याचा क्षण असतो, दांड्या असल्या तरी. म्हणून पहिल्या प्रकारच्या खोलीसाठी ‘रोल-इन शॉवर’ हेच शब्द वापरून बुकिंग करावे. अमेरिकी कायद्यानुसार 2012 पासून अशी आरक्षित खोली त्याच व्यक्तीसाठी राखून ठेवणे हॉटेलांना बंधनकारक आहे. ‘लिफ्टजवळची खोली’ ही मात्र नुसती विनंती. तिची हमी नसते. पॉप सेंच्युरीच्या नव्या खोल्यांत दुसरा पलंग भिंतीतून खाली ओढायचा असतो आणि तो उघडला की टेबल जाते. कायमचा पलंग वयस्कांना द्यावा.

खोलीत छोटा फ्रीज असतो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे, पण बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला टेकवू नये. एकदा गोठले की ते फेकावेच लागते. वापरलेल्या सुया कचऱ्यात न टाकता हॉटेलकडे त्यासाठीचा डबा मागावा.

भारतातून नेलेल्या यंत्रांचे लेबल घरीच वाचा. तिथे वीज 120 व्होल्टची आहे. ‘100-240’ लिहिलेले सीपॅप (झोपेत श्वास चालू ठेवणारे यंत्र) पिनेच्या अ‍ॅडॉप्टरवर चालते. फक्त 230 लिहिलेला नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) चालणार नाही, कारण अ‍ॅडॉप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तसा नेब्युलायझर तिथेच घ्यावा.

मऊ भात, पेज करता यावी म्हणून अनेक कुटुंबे शेजारच्या किसिमी गावाच्या बाजूचे बंगले घेतात. स्वयंपाकघर ही मोठी सोय आहे, मान्य. पण बऱ्याच दुमजली घरांत झोपायच्या खोल्या वर असतात, आणि तळमजल्यावर शौचालय असले तरी अंघोळीची सोय नसते. तळमजल्यावर पलंग आणि शॉवर दोन्ही असल्याचे फोटो मागवल्याशिवाय पैसे भरू नयेत. डिस्नेच्या साध्या खोल्यांत मायक्रोवेव्ह नसतो, पण मोठ्या हॉटेलांच्या फूड कोर्टमध्ये असतो, आणि त्यांच्या एक-बेडरूम व्हिलांत पूर्ण स्वयंपाकघर असते. पथ्याचे खाणे आणि दुपारची झोप दोन्ही हवे असेल, तर भाडे परवडल्यास पार्काजवळची अशी व्हिला आधी पाहावी.

आपले,
काही वाचक, पुणे