परांचीचा खर्च वेगळा दाखवा

महोदय,

पुण्यात कोंढवा येथे २९ जून २०१९ रोजी एका सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा चौकशा झाल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले आणि ते योग्यच होते. मात्र एखाद्या दुमजली बंगल्याच्या परांचीवरून, म्हणजे उंचावर काम करण्यासाठी बांधलेल्या तात्पुरत्या सांगाड्यावरून, गवंडी पडतो, तेव्हा पोलीस ठाण्यात बहुधा आकस्मिक मृत्यूची नोंद होते, ठेकेदार घरच्यांच्या हातावर काही रक्कम ठेवतो आणि चार दिवसांत काम पुन्हा सुरू होते. अशा अपघातांचे मूळ गवंड्याच्या निष्काळजीपणात जितके शोधले जाते, तितके ते कामाच्या दरात शोधले जात नाही, म्हणून हे पत्र.

लहान कामांवरची परांची जवळून पाहावी. बाहेरच्या बाजूला बांबूंची एकच रांग उभी असते. आडव्या बांबूचे एक टोक तिला काथ्याने बांधलेले आणि दुसरे भिंतीत ठेवलेल्या भोकात खोचलेले असते. ती भिंत कालपरवाच रचलेली असल्याने तिचा मसाला पुरता धरलेला नसतो, आणि तिच्याच भरवशावर माणसे, विटांची चळत आणि मसाल्याने भरलेली घमेली असा सगळा भार टाकलेला असतो. वर दोन फळ्या नुसत्या टाकलेल्या. शेवटच्या आधाराच्या पुढे आलेल्या टोकावर पाय पडला की फळी उलटते. कमरेएवढा कठडा नाही, विटा खाली घसरू नयेत म्हणून कडेला पट्टी नाही आणि काथ्या मागच्या कामावरून सोडवून आणलेला. अशा ठिकाणी डोक्यावर हेल्मेट घातलेल्या मजुरांचे छायाचित्र काढून सुरक्षा सप्ताह साजरा करणे सोपे असते, पण हेल्मेट पडणाऱ्याला धरून ठेवत नाही.

परांची अशी का बांधली जाते, याचे उत्तर दरात आहे. खासगी कामात मजुरीचा दर चौरस फुटावर ठरतो आणि परांची त्यातच धरलेली असते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतही, म्हणजे कामांच्या ठरवून दिलेल्या दरांच्या यादीतही, विटकामाच्या बाबीत सांधे भरणे, पाणी मारणे यांच्या ओळीतच परांचीचा उल्लेख येतो आणि सगळ्यांचा मिळून एकच दर लागतो. परिणामी जाड फळी, नवा काथ्या, भिंतीपासून स्वतंत्र उभी राहणारी दुहेरी परांची यांवर केलेला प्रत्येक रुपया मजूर ठेकेदाराच्या खिशातून जातो आणि न केलेला रुपया त्याच्या खिशात राहतो. हा ठेकेदार अनेकदा स्वतः जुना गवंडीच असतो, त्यामुळे त्याला धोका कळत नाही असे मुळीच नाही.

कायद्याचा हात इथवर पोहोचत नाही. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यात ५०० कामगारांची होती, ती व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक नव्या संहितेत २५० वर आली. पण ज्या कामावर दोन गवंडी आणि चार बिगारी असतात, तिथे या दोन्ही आकड्यांना सारखाच अर्थ आहे. बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून चालणाऱ्या कल्याणकारी योजना आवश्यकच आहेत, परंतु कामगारांना भांड्यांचे संच देण्यात जी तत्परता दिसते ती परांचीच्या तपासणीत दिसत नाही.

माझी सूचना मर्यादित आहे. परांचीची बाब दरसूचीत स्वतंत्र करावी, तिचे मोजमाप आणि देयक वेगळे ठेवावे, आणि कठडा व बांधलेल्या फळ्या नसतील तर ते देयक रोखावे. यामुळे खर्च वाढेल, असा आक्षेप येईल आणि तो थोडाफार खराही आहे. पण आज हा खर्च वाचतो तो गवंड्याच्या जिवावर. खासगी कामांसाठी नगरपालिका व महानगरपालिकांनी जोते तपासणीच्या (पायाचे काम जोत्यापर्यंत आल्यावर होणाऱ्या तपासणीच्या) वेळीच पुढच्या परांचीचा आराखडा आणि तिच्या जबाबदार व्यक्तीचे नाव मागावे. त्या टप्प्यावर वास्तुविशारदाची सही तशीही लागते, तेव्हा आणखी एका कागदाने कोणाचे काम अडणार नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाने निदान पुढच्या दरसूचीत तरी हा बदल करावा, ही विनंती.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सातारा