मोटरहोमच्या सहलीत टाकीचा हिशेबही आधी मांडा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

फेब्रुवारी लागला की आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत कॅनडा-अमेरिकेतल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांची लगबग सुरू होते. आपल्या पर्यटन पुरवणीत अलीकडेच मोटरहोमच्या, म्हणजे आरव्हीच्या सहलींवर लेख आला. फोटो फार सुंदर होते. पण त्या चाकांवरच्या घराची टाकी कुठे भरायची आणि कुठे रिकामी करायची, याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी २९ वर्षं एसटीत चालक होतो. गेल्या जुलैत मुलगी-जावयाबरोबर आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा नातू कॅनडातल्या टोरांटोजवळच्या मिसिसॉगाहून लेक सुपीरियर प्रोव्हिन्शियल पार्कला, म्हणजे ऑन्टारिओ प्रांताच्या राखीव जंगलात गेलो. सुपीरियर हे क्षेत्रफळाने जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर, ८२ हजार चौरस किलोमीटरचं. आपला अख्खा कोकण विभाग त्यात दोनदा सहज मावेल. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा समुद्रासारख्या येतात, आणि हात घालून चाखलं तर पाणी गोड. माझी पत्नी गणपतीपुळ्याच्या बाजूची. ती त्या किनाऱ्यावर बराच वेळ काही न बोलता बसून राहिली. इतकं ते ठिकाण मनात भरलं, आणि म्हणूनच आमची जी फजिती झाली ती दुसऱ्या कुणाची होऊ नये असं वाटतं.

पहिली चूक अंतराची. मिसिसॉगा ते पार्कातला अगावा बे कॅम्पग्राउंड (मुक्कामाचा तळ) हे अंतर सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास आहे. मोबाइलच्या नकाशाने नऊ तासांच्या आत पोचाल असं सांगितलं. नकाशा सांगतो तो वेळ मोटारीचा. चोवीस फुटी मोटरहोम शंभर किलोमीटरला वीस लिटरच्या वर पेट्रोल पिते, वाऱ्याने बाजूला ढकलली जाते, आणि वाटेतल्या सडबरी शहराच्या पुढे हायवे १७ बहुतेक दोनपदरी आहे. मुलांनी एका दिवसात जायचं ठरवलं. मी गप्प बसलो, कारण देश त्यांच्या माहितीचा. ते माझं चुकलं. एसटीत चालकाला विचारल्याशिवाय शेड्यूल लावलं की काय होतं ते मी आयुष्यभर पाहिलं होतं.

पार्काआधीचं शेवटचं मोठं शहर सू सेंट मारी सोडलं तेव्हाच संध्याकाळ झाली होती. पार्काच्या अलीकडे माँट्रियल रिव्हरचा मोठा उतार लागतो. जावई सारखा ब्रेकवर पाय ठेवून होता. मी त्याला सांगितलं, खंबाटकी उतरतो तसं उतर, गाडी खालच्या गिअरला टाक आणि ब्रेकला विसावा दे. उतार संपल्यावर थोड्या वेळाने अंधारात रस्त्यावर एक काळा आडोसा दिसला. तो मूस होता. हरणाच्या कुळातला हा प्राणी घोड्याहून उंच असतो, हेडलाइटचा झोत त्याच्या पायांवर पडतो आणि डोळे वरच राहतात, त्यामुळे चमकत नाहीत. गाडी थांबली ती त्याच्यापासून दोन बसच्या अंतरावर. मागच्या कपाटातली भांडी खाली कोसळली, नातू रडायला लागला. मोबाइलला रेंज नव्हती. त्या रस्त्यावर कितीतरी किलोमीटर रेंज नसते.

दुसरी चूक पाण्याची. भाड्याची गाडी ताब्यात देणाऱ्या माणसाने दहा मिनिटांत सगळं उरकलं. टाक्या तीन असतात: चांगल्या पाण्याची, बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची आणि संडासाची. एवढं सांगितलं, पण आमची सांडपाण्याची टाकी ११० लिटरची आहे आणि पाच माणसांत ती किती दिवस पुरते, हे सांगितलं नाही. पत्नीने घरच्यासारखी नळाखाली भांडी घासली. तिसऱ्या दिवशी सकाळी शॉवरच्या जाळीतून तेलकट पाणी आणि भाताची शितं वर आली. तिला वाटलं आपण काहीतरी मोडलं. ती दिवसभर जेवली नाही, आणि तिला तसं वाटावं याचा मला आजही राग येतो. दोष तिचा नव्हता. अगावा बेला साइटवर, म्हणजे आपली गाडी लावायच्या जागेवर, वीज मिळते, पण नळ आणि गटाराची जोडणी साइटवर नसते. टाक्या रिकाम्या करायला पार्कातल्या डम्प स्टेशनवर गाडी घेऊन जावं लागतं. म्हणजे टेबलखुर्च्या आत, वीज काढा, सगळं बांधा आणि चला.

यंदा आम्ही परत जाणार आहोत, आणि आखणी चौघांनी मिळून केली आहे. पहिला मुक्काम सडबरीच्या पुढे मॅसी गावाजवळच्या शूट्स प्रोव्हिन्शियल पार्कात. तिथपर्यंत साधारण पाचशे किलोमीटर होतात. दुसऱ्या दिवशी उरलेले सव्वातीनशे. पेट्रोल आणि किराणा सू सेंट मारीलाच. सूर्य मावळायच्या आत गाडी साइटवर लागलीच पाहिजे ही माझी अट, कारण या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लटकतो आणि वळताना झाडाला घासतो. साइटवर रिव्हर्स घेताना मी मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करणार, आमचे वाहक करायचे तसं. भांडी पातेल्यात पाणी घेऊन धुवायची, आंघोळ पार्काच्या स्नानगृहात. तिसऱ्या सकाळी टाकी भरो न भरो, डम्प स्टेशनची फेरी. बीपी-शुगरच्या गोळ्या चार दिवस जास्त, कारण दवाखाना म्हणजे उत्तरेला वावा गावात किंवा मागे सू सेंट मारी. ज्येष्ठांचा आरोग्य विमा आधी नीट वाचून घ्या. जूनमध्ये जाऊ नका, काळ्या माश्या कानामागे रक्त काढतात. जुलैतही स्वेटर हवाच. जळाऊ लाकूड घरून न्यायचं नाही, तिथेच विकत घ्यायचं. लाकडातून झाडं पोखरणारे किडे नव्या जंगलात जातात. आणि अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही, अस्वलं येतात.

एक दिवस अगावा रॉकसाठी राखा. सरोवरात उतरणाऱ्या कड्यावर ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी गेरूने काढलेली चित्रं आहेत: होड्या, साप, आणि शिंगं व पाठीवर काटे असलेला मिशिपेशू, त्यांचा पाण्यातला देव. वाट जेमतेम अर्ध्या किलोमीटरची, पण कपारीतून उतरणारी, आणि शेवटी उतरत्या, ओल्या खडकावरून साखळी धरून जावं लागतं. लाटा असतील तर जाऊ नये. माझे गुडघे तिथपर्यंत गेले नाहीत, नातवाने परत येऊन मला हवेत बोटाने चित्र काढून दाखवलं. ओजिब्वे लोक आजही तिथे तंबाखू वाहतात. आपण देवळाच्या गाभाऱ्यात जसे वागतो तसं तिथे वागावं, चित्रांना हात लावू नये.

आता घाईची गोष्ट. ऑन्टारिओच्या पार्कांचं आरक्षण पोचण्याच्या तारखेआधी पाच महिने, तिथल्या सकाळी ७ वाजता उघडतं. २० जुलैला पोचायचं तर २० फेब्रुवारी. सरोवराकाठच्या विजेच्या साइट फार लवकर जातात. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे मुलीने तिकडे आणि मी इथे असं दोघांनी एकाच वेळी बसायचं ठरवलं आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात. त्यानंतर आरक्षण करणाऱ्यांनी साडेचारलाच तयार राहावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी चालक, सातारा