गुरुवारच्या बायबल स्टडीवाल्या बाईंना जाहीर थँक्यू

सलाम बाई,

तुम्ही मोबाईल फक्त फोन घ्यायला वापरता, त्यामुळे हे तुम्हाला तुमची नातच वाचून दाखवेल आणि तुम्ही म्हणणार, कशाला एवढं गावभर करायचं. पण मला गावभरच करायचंय. आधी जे काही ऐकून घेतलं ते चारचौघातच ऐकून घेतलंय मी, मग थँक्यू तेवढं गुपचूप का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, आमचं बाळ गेलं. जन्मल्यावर थोडेच दिवस होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण त्यानंतर घरी माणसं यायला लागली आणि जो येईल तो बायबलमधलं एखादं वचन घेऊनच यायचा. एक पास्टर आमच्याच हॉलमध्ये बसून, आमचाच चहा पीत म्हणाले की घरात कुठंतरी विश्वास कमी पडला असणार, तपासून बघा. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, देव एक नेतो तर दोन देतो, रडू नको. आणि व्हॉट्सॲपवर रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर वचन. त्यात भर म्हणजे बाहेरगावचे एक वक्ते आले होते, बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकावर तीन दिवसांची सभा, सगळा रोख एकच की मेहनत करा, प्रार्थना करा, दशांश म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा द्या, आशीर्वाद घरी चालत येतो. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि मनात येत होतं की आमच्या घरचा पत्ता चुकला वाटतं आशीर्वादाला.

मग मी बायबल उघडायचंच बंद केलं. सासूबाईंनी ओळखलं, काही बोलल्या नाहीत, रिक्षात बसवलं आणि नाशिकच्या शरणपूर रोडला तुमच्याकडे आणून सोडलं.

बाई, तुम्ही त्या दिवशी मला एकही वचन ऐकवलं नाहीत. विचारलंत, बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक पूर्ण वाचलंयस का? मी म्हटलं हो, संडे स्कूलपासून माहितीय. तुम्ही हसलात. म्हणालात, सगळे पहिले दोन अध्याय वाचतात आणि बेचाळीसावा वाचतात, मधले एकोणचाळीस कोण वाचणार, आपण वाचू, एकही गाळायचा नाही.

खरंच सांगते, मधे काय आहे ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे ईयोब म्हणजे मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेलं तरी धीर धरणारा माणूस, संपलं. आणि तिसऱ्या अध्यायात बघते तर हा माणूस जन्मलो त्या दिवसालाच शाप देतोय. देवाला कोर्टात खेचायची भाषा करतोय! अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्यासोबत गप्प बसतात, तिथपर्यंत सगळं ठीक, आणि मग तोंड उघडतात आणि पुढं जे बोलतात ते शब्दाला शब्द आमच्या हॉलमध्ये झालेलं भाषण. तुझ्याकडून काहीतरी घडलं असणार. तपासून बघ. मला एका ठिकाणी इतकं हसू आलं की तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिलात.

आणि शेवटी देव चिडतो कुणावर, तर त्या तिघांवर. देवाची बाजू घेणाऱ्यांवर! म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. हे बेचाळीसाव्या अध्यायाचं सातवं वचन, ते काही कुणी गुलाबावर छापत नाही.

ईयोबाच्या बायकोवरून आपलं भांडण झालं ते आठवतं ना? मी म्हटलं, तिची पण दहाच्या दहा मुलं गेली, तिला मिळतं एक वाक्य, देवाला शाप दे आणि मर, आणि त्या एका वाक्यावरून चर्चमधल्या प्रत्येक संदेशात तिचा उद्धार होतो. तुम्ही आधी जरा फणकारलात. मग पुढच्या गुरुवारी स्वतःहून म्हणालात, शेवटी देव तिघा मित्रांना बोललाय, तिला नाही बोललेला, मी परत बघितलं. तुमच्या वयाच्या, शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईने माझ्यासारखीचं ऐकून परत जाऊन बघायचं, हे मला फार वाटलं.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते वेगळंच आहे. शेवटचा अध्याय. ईयोबाला मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट, बैल दुप्पट, आणि सात मुलगे तीन मुली परत. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, बाई, हेच तर ती नात्यातली बाई म्हणत होती, एक नेलं दुसरं देईल. मग गेलेली दहा कुठं गेली? कुणीच कसं विचारत नाही? मी बरीच मोठ्यानं बोलले असणार, कारण बाकीच्या सगळ्या बायका खाली बघायला लागल्या.

तुम्ही मला गप्प केलं नाहीत. स्वर्गात भेटतील असंही म्हणाला नाहीत, जे मी ऐकून ऐकून थकले होते. तुम्ही म्हणालात, बघ, नंतर झालेल्या तीन मुलींची नावं इथं दिलीत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक, भावांबरोबर वारसाही मिळाला त्यांना. पण आधीच्या दहांमधल्या एकाचंही नाव नाही, मलाही ते कधी पटलं नाही. मग मला विचारलंत, तुमच्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं?

बाई, तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. एवढी माणसं आली, एवढी वचनं झाली, नाव कुणीच विचारलं नाही. बारसं झालं नव्हतं म्हणून नावच नसणार असं धरून चालले सगळे. मी सांगितलं. तुम्ही तुमच्या स्वतःच्या बायबलचा पहिला अध्याय काढलात, जिथं वारं येऊन थोरल्या मुलाचं घर पडतं ते एकोणिसावं वचन, आणि त्याच्या शेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं ते नाव लिहिलंत. शाळेतल्या फळ्यावर लिहितात तसं, सुबक, काना मात्रा नीट. आमच्याकडे बायबलमध्ये रेघ ओढली तरी ओरडा बसायचा!

नंतर चहा घेताना तुमचा आवडता इतिहास सुरू झाला, की इथंच शरणपूरला मिशनची वसाहत होती, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथं शिकायची, आणि त्यातलाच जेकब वेनराईट, 1873 मध्ये आफ्रिका पालथी घालणारे मिशनरी डॉक्टर लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यानेच दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर त्यांचं नाव कोरलं. नाशिकमध्ये शिकलेलं पोरगं! मी निम्मं ऐकलं, निम्मं रडत होते, पण लक्षात राहिलं.

आता आम्ही नीतिसूत्रे वाचतोय आणि ते त्या सभेतल्यासारखं अजिबात नाहीये. तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत की नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक ही तिन्ही पुस्तकं एकाच बायबलमध्ये ठेवलीत ते एकमेकांशी वाद घालायलाच, एकट्याचं ऐकून निघून जायचं नाही. पंचविसाव्या अध्यायात आहे की दुःखी माणसापुढं गाणी म्हणणं म्हणजे थंडीत त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं. निफाडची जानेवारीतली थंडी ज्याला माहितीय त्याला याच्यावर संदेश द्यायची गरज नाही. चौदाव्यात आहे, जिवाचा कडूपणा ज्याचा त्यालाच ठाऊक. मी हे त्या पास्टरांना पाठवणार होते, तुम्ही नको म्हणालात.

आणि आमचे हे, मार्केट यार्डात आडत्याकडे हिशोब लिहितात, त्यांना मी विसाव्या अध्यायातलं वाचून दाखवलं की घेणारा माल बघून बेकार आहे बेकार आहे म्हणतो आणि बाजूला गेला की फुशारकी मारतो. ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, हे बायबलमध्ये आहे? हे तर टोमॅटोच्या लिलावात रोज चालतं. खोट्या तराजूचं अकराव्यातलं वाचलं तर म्हणे, हे मालकांना दाखवू नको. खूप दिवसांनी आम्ही दोघं एकत्र हसलो बाई, त्याचंही क्रेडिट तुमचंच.

चांगली माणसं अशीच असतात बहुतेक, माइक नसलेली. शेजारच्या ताई त्या काळात येऊन फक्त दोरीवरचे कपडे काढून घड्या घालून जायच्या, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला उधारीचं नावच काढायचा नाही, त्यांनाही यातच थँक्यू. त्यांच्यापैकी कुणी वचन पाठ केलेलं नाही आणि एक तर आपल्या धर्माचेही नाहीत.

एक काम मात्र आहे. त्याच मंडळींच्या फेलोशिपमधून, म्हणजे प्रार्थनेच्या गटातून, परवा फोन आला होता, म्हणे तुम्ही आता सावरलात तर येऊन साक्ष द्या, देवाने कसं सावरलं ते सगळ्यांपुढं सांगा, लोकांना प्रोत्साहन मिळेल. मी अजून उत्तर दिलेलं नाही. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्यासारखं उत्तर देऊ नको आणि लगेच पाचवं म्हणतं दे. तर बाई, यांच्यासाठी चौथं लावायचं की पाचवं ते गुरुवारी ठरवू. मी पाचवं धरून बसलेय हे आधीच सांगते. येताना टोमॅटो आणते, यांनी पाटीभर आणलेत.

तुमची,
मोठ्यानं बोलणारी