टेकड्यांवर गवत येऊ द्या

संपादक साहेब, नमस्कार. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंप करून आणतात, तरी उन्हाळा लागला की आमच्या कॉलनीत टँकर येतात आणि बोअरिंग कोरडी. आपल्या माळव्यात खाली बसाल्टचा काळा खडक, पाणी मुरतं ते वरच्या मुरुमातून अन् भेगांतून, तेही पावसाचं पाणी जमिनीवर जरा थांबलं तर. उघड्या टेकडीवरून ते माती घेऊन सरळ नाल्यात जातं. देवासला 1990 मध्ये रेल्वेने पाणी न्यावं लागलं, विसरलो का आपण? शोभेच्या झाडांपेक्षा उतारावर आडवे चर खणा, काही वर्षं चराई बंद ठेवा, आधी गवत येतं, मग पळस, धावडा, खैर, आणि मुळांनी जमीन भुसभुशीत होते. उरलेल्या टेकड्यांवर प्लॉट पाडायची परवानगी देऊ नका हो.

— एक वाचक, इंदूर