कंदील मिरवणुकीचा खरा खर्च कार्यशाळेवर व्हावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत वेल्समधील कार्डिगनच्या डिसेंबरातल्या कंदील मिरवणुकीचे छायाचित्र आले. मात्र त्याखाली ‘कलाकारांनी साकारलेले कंदील’ असे छापले आहे, ते अपुरे आहे. चार-चार माणसांनी उचलायच्या मोठ्या कंदिलांचा आराखडा अनुभवी कलाकारांचा असतो. हातातले बहुतेक कंदील मात्र गावातल्या मुलांनी, आईवडिलांनी, आजीआजोबांनी बांधलेले असतात. मिरवणूक एका संध्याकाळीत संपते. त्याआधी कित्येक आठवडे चालणाऱ्या कार्यशाळा हाच या उत्सवाचा गाभा आहे. आम्ही पश्चिम वेल्समध्ये अशा कार्यशाळांत काम करणारी मराठी माणसे आहोत. आपल्या वाचकांपैकी कोणाला असे काही करावेसे वाटले, तर त्यांनी शेवटच्या रात्रीपासून नव्हे, कार्यशाळेपासून सुरुवात करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

कार्डिगन, म्हणजे वेल्श भाषेत अबेरतैवी, हे तैवी नदीच्या मुखाजवळचे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव. 1176 च्या नाताळात राजा रीस आप ग्रुफिद याने इथल्या किल्ल्यात कवी आणि वादकांच्या स्पर्धा भरवल्या. त्याची दवंडी वर्षभर आधी वेल्सबाहेरही पिटली होती. वेल्समधल्या आइस्टेडफॉड उत्सवाचे मूळ तिथे शोधले जाते. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ‘बार्ली सॅटर्डे’ला घोड्यांची मिरवणूक अजूनही भर रस्त्यातून निघते. मिरवणूक गावाला नवी नाहीच. कंदिलांची मिरवणूक स्मॉल वर्ल्ड थिएटर ही तिथली नाट्यसंस्था काढते. विलो या लवचीक फांद्यांच्या झाडाच्या काड्या आणि पातळ कागद वापरून गावानेच कंदील करायची ही रीत ब्रिटनमध्ये रुजवली ती वेल्फेअर स्टेट इंटरनॅशनल या कलासंस्थेने, इंग्लंडच्या उत्तरेतल्या अल्व्हरस्टन गावात, 1983 पासून.

एक खुलासा इथेच करतो. हे कंदील आकाशात सोडायचे नसतात. पेटवून सोडलेल्या कंदिलाची तार कुरणात पडते, चाऱ्यातून जनावरांच्या पोटात जाते. म्हणून वेल्समधल्या सर्व 22 स्थानिक प्राधिकरणांनी आपापल्या जागेवरून ते सोडायला बंदी केली आहे. मिरवणुकीतला कंदील काठीला टांगून हातात धरायचा.

साध्या कंदिलाला चौकोनी तळ आणि वर निमुळता शेंडा असतो. तळाला चार काड्या, प्रत्येकी सुमारे 40 सेंटिमीटर. उभ्या चार, सुमारे 80 सेंटिमीटर. दिवा बसवायला तळात आडव्या दोन. अशा दहा काड्या. सालीसकट विलो वापरली तर लांबीच्या दर फुटाला साधारण एक दिवस पाण्यात ठेवावी लागते, म्हणजे पाच फुटी काडीला पाच दिवस. उकडून सोललेली, बदामी रंगाची काडी तासा-दोन तासांत लवते. सरळ बाजूंच्या कंदिलाला तर ती कोरडीच चालते. भिजवायची ती फक्त मासा, चंद्र अशा गोलसर आकाराच्या कंदिलांसाठी. ओल्या काडीवर मास्किंग टेप धरत नाही. नवख्या कार्यशाळेत पहिल्या अर्ध्या तासात सगळे सांधे सुटतात ते यामुळेच. काडी आधी फडक्याने कोरडी पुसावी, टेप सांध्यावर फुलीसारखी दोन्ही बाजूंनी घट्ट ओढून घ्यावी आणि टेपचे शेवटचे टोक टेपवरच चिकटवावे.

कागद घ्यायचा तो ओल्यातही न फाटणारा टिश्यू. भेटवस्तू गुंडाळायचा साधा टिश्यू ओला झाला की बोटाखाली लगदा होतो. पांढरा पीव्हीए गोंद, म्हणजे फेव्हिकॉलच्या जातीचा, पाण्यात निम्मा-निम्मा करावा. टेबलावर प्लास्टिक पसरून त्यावर कागद ठेवायचा, स्पंजने गोंद लावायचा आणि दोघांनी चार कोपरे धरून सांगाड्यावर आणायचा. कडेला तीन सेंटिमीटर जास्त ठेवून काडीभोवती वळवायचा आणि कागद कागदालाच चिकटवायचा. नुसत्या काडीवर चिकटवलेली कड वाळताना सुटते. कागद ताणायचा मोह सगळ्यांना होतो. ताणू नये, वाळताना तो आपोआप ताणला जातो. आधीच ताणला तर एक तर फाटतो, नाही तर आवळत जाऊन हलका सांगाडा पिळून टाकतो. तळ उघडाच ठेवावा. चारही बाजू आणि तळही बंद केल्यावर दिवा कुठून घालायचा, हा प्रश्न दर वर्षी कुणाला तरी पडतोच.

पंधरा जोड्यांच्या कार्यशाळेसाठी आमचा हिशेब असा: मोडतोड धरून 180 काड्या, कागदाचे 75 ताव, दोन लिटर गोंद आणि दर टेबलाला टेपचे एक रीळ. रीळ कमी पडले की लोक एकमेकांची वाट पाहत बसतात आणि मुले उठून जातात. वेळ कंजूषपणे देऊ नये. सांगाड्याला दीड तास, कागदाला एक तास आणि वाळायला पूर्ण रात्र लागते. नोव्हेंबरातल्या दमट सभागृहात ती रात्रही पुरत नाही, म्हणून मिरवणुकीच्या आदल्या दिवशी कार्यशाळा ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. ओल्या कंदिलाचा गोंद दुधासारखा पांढरा होतो आणि कागद पिशवीसारखा लोंबतो. पाऊस आला तरी हेच, कारण वाळलेला पीव्हीएही पाण्याने पुन्हा सैल होतो. गोंदाचा दुसरा हात दिला तर रिमझिम निभावते, मुसळधार नाही.

मेणबत्ती आम्ही मुलांच्या हाती देत नाही. बॅटरीचा एलईडी लागतो, आणि तो तळाच्या आडव्या काड्यांना तारेने बांधावा. टेपने लावलेला दिवा चालताना निसटतो. मोठ्या कंदिलात 12 व्होल्टची पट्टी आणि बॅटरी चालते, पण बॅटरीचे वजन उचलणाऱ्याच्या कमरेजवळ हवे, कंदिलाच्या शेंड्याशी नको. मोठ्या कंदिलाचा खरा शत्रू वारा. दोन मीटरची सपाट बाजू शिडाचे काम करते आणि नदीकाठच्या वळणावर चौघांना ओढून नेते. म्हणून अंग गोलसर ठेवायचे आणि दोन दोऱ्या धरणारी दोन माणसे जादा ठेवायची. आणि बांधायला घेण्यापूर्वी, ज्यातून कंदील बाहेर काढायचा तो दरवाजा मोजायचा.

छोट्या गावात कार्यशाळेचा कस सामानापेक्षा माणसे जमवण्यात लागतो. शेवटची बस लवकर निघून जाते, मग मध्यवर्ती सभागृहात येणार ते फक्त गाडीवाले. सामान गाडीत घालून खेड्यातल्या शाळेत, चॅपलच्या मागच्या खोलीत, वृद्धाश्रमात आपण जायला हवे. भाषेचेही तसेच. कार्डिगन ज्यात येते त्या केरेदिगियॉन परगण्यात वेल्श बोलणारे 2011 च्या जनगणनेत 47.3 टक्के होते, 2021 मध्ये 45.3 टक्के. सूचना आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत द्याव्यात. उलटा क्रम घेतला की घाईत दुसरी भाषा गळते, आणि गळते ती नेहमी वेल्शच. मोठ्यांनाही आवरावे लागते. मुलाचा कंदील वाकडा दिसला की बाप हातातून काढून घेतो. आम्ही अशा बापाला त्याच्या स्वतःच्या दहा काड्या देतो.

आता पैशाचे. निधीच्या अर्जात बहुधा प्रेक्षक किती, हा रकाना मोठा असतो. किती जणांनी बांधले आणि त्यांतले किती दुसऱ्या वर्षी परत आले, हे विचारलेच जात नाही. मग पैसा ध्वनियंत्रणेकडे आणि बाहेरच्या वाद्यपथकाकडे वळतो. वेल्सच्या 2015 च्या भावी पिढ्यांच्या कल्याण कायद्यात सात उद्दिष्टे आहेत. चैतन्यशील संस्कृती आणि बहरती वेल्श भाषा हे त्यांतले एक. त्याच आधारावर आम्ही आग्रह धरतो की खर्चाचा किमान निम्मा वाटा कार्यशाळा, त्या घेणाऱ्यांचे मानधन आणि सामानाची ने-आण यांना मिळावा. रस्ता बंद करण्याची परवानगी, विमा, स्वयंसेवकांचे पिवळे अंगरखे यांना पर्याय नाही. रस्ता बंदीचा आदेश अजूनही 1847 च्या कायद्याखाली काढता येतो, पण अर्ज काही आठवडे आधी द्यावा लागतो. काटछाट करायचीच असेल तर मंचावर करावी. मिरवणुकीला मंच लागत नाही.

महाराष्ट्रात करू पाहणाऱ्यांना विलो शोधायची गरज नाही. आकाशकंदिलाच्या बांबूच्या कामट्या या कामाला उत्तम आहेत. कामटी वाकवताना साल बाहेरच्या अंगाला ठेवावी, नाही तर पेरावर चिरफळते. विलोसारखी ती गाठीत वळत नाही, म्हणून सांधा टेपऐवजी दोऱ्याने बांधून त्यावर गोंद लावावा. मिरवणुकीनंतर कागद पाण्याने भिजवून सोलून काढावा आणि सांगाडे छताला टांगून ठेवावेत. पुढच्या वर्षी त्यांतले बरेच पुन्हा वापरता येतात, आणि पहिल्यांदाच आलेल्या मुलाला जुना सांगाडा हातात घेऊन सांधे कसे बांधलेत ते पाहता येते.

आपले,
कंदील कार्यशाळेतील मराठी कार्यकर्ते,
पश्चिम वेल्स