ओवीचे आई-बाबा तुम्ही नव्हेत

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबांनी फोनवर विचारलं, "मुलांसाठी लिहितेस, म्हणजे राजा-राणीच्या गोष्टी का?" तेव्हा घाईत होते, आता सविस्तर सांगते.

साधारण १२ ते १८ वयाच्या मुलांसाठीची कादंबरी आहे. नायिका ओवी, वय १६. तिची गोष्ट तीच सांगते, आणि पुढे काय होणार हे तिलाही ठाऊक नाही. हेच जड जातं. लिहिता लिहिता मध्येच माझं वय बोलू लागतं आणि ओवी प्रवचन द्यायला लागते!

आई म्हणते, या वयात हे कसलं खूळ? तसं खरंय. 'द आउटसायडर्स' ही या प्रकारातली गाजलेली कादंबरी १९६७ साली आली, तेव्हा लेखिका एस. ई. हिंटन अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. पण आमच्या लेखनगटात एक निवृत्त शिक्षिकाही आहेत, आणि सगळ्यात धाडसी त्याच लिहितात.

गटात एकमेकांची प्रकरणं आधीच वाचून यायचं. ज्याचं लिखाण, त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. (आई, हसू नकोस.) पुस्तक हातात पडल्यावर खुलासे करायला लेखक कुठे शेजारी बसलेला असतो? शाळकरी मुलंही मसुदा वाचतात. त्यांचा शेरा एका ओळीचा असतो: "असं कोणी बोलत नाही." मग अख्खं पान पुन्हा लिहायचं.

या कादंबऱ्यांत आई-वडिलांना बाजूला काढायची जुनी युक्ती आहे. मारून टाकायचे, परदेशी धाडायचे, नाहीतर कामात बुडवायचे, म्हणजे निर्णय मुलांवरच येऊन पडतात. मीही ओवीच्या आई-बाबांना पहिल्याच प्रकरणात अपघातात संपवलं होतं. त्या शिक्षिका म्हणाल्या, "घरात दोघं जागे असताना पोरगी मनासारखं कशी वागते, ते लिही की." तेव्हापासून दोघं ठणठणीत आहेत आणि ओवीच्या नाकी नऊ आणतायत.

तेव्हा बाबा, दार न वाजवता खोलीत शिरणारे ते गृहस्थ तुम्ही नव्हेत. कपाट आवरायच्या निमित्ताने वही वाचणाऱ्या आईबद्दल मात्र मी काही बोलत नाही.

नोकरी सोडलेली नाही, काळजी नसावी. मसुदा मोठ्या अक्षरात छापून पाठवतेय. बाबा, शुद्धलेखन इतक्यात तपासू नका, शेवटची प्रकरणं अजून बदलायची आहेत. आई, कंटाळा येईल तिथे पेन्सिलने खूण कर, आणि खोटं कौतुक करू नकोस.

तुमची लेक