फिफ्टी रुपीज ‘इज’ की ‘आर’?

महोदय,

इंग्रजीच्या सराव-प्रश्नसंचांत ‘रक्कम, अंतर, वेळ, वजन यांना एकवचनी क्रियापद’ एवढाच नियम छापलेला असतो. तो अर्धाच आहे. ‘फिफ्टी रुपीज इज इनफ’ बरोबर, कारण ती एकगठ्ठा रक्कम. मराठीत आपण ‘पन्नास रुपये पुरेसे आहेत’ म्हणतो, म्हणून मुले हमखास ‘आर’ लिहितात. पण नोटा सुट्या मोजायच्या असतील, तर ‘फाइव्ह टेन-रुपी नोट्स आर ऑन द टेबल’. तसेच ‘टेन इयर्स इज अ लाँग टाइम’. मात्र वर्षे एकेक करून सरली, तर ‘टेन इयर्स हॅव पास्ड’.

खरी गडबड अपूर्णांक आणि टक्क्यांत होते. तिथे आकडा पाहायचाच नाही, ‘ऑफ’नंतरचे नाम पाहायचे: ‘टू-थर्ड्स ऑफ द वॉटर इज’, पण ‘टू-थर्ड्स ऑफ द स्टुडंट्स आर’. ‘नंबर’ची तऱ्हा वेगळी. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ला ‘इज’, कारण कर्ता ‘नंबर’. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ला ‘आर’, कारण अर्थ ‘अनेक विद्यार्थी’.

‘मोर दॅन वन स्टुडंट’ म्हणजे निदान दोघे, तरी क्रियापद ‘वॉज’! इथे तर्क लढवू नये, सरळ पाठ करावे. दीड तासाचेही तसेच: नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी, ‘वन अँड अ हाफ अवर्स इज इनफ’.

प्रश्नसंच छापणाऱ्यांनी उत्तरसूचीत नुसते ‘इज’ न देता, ज्या नामावरून ते ठरले ते अधोरेखित करावे.

– एक इंग्रजी शिक्षिका, सातारा